घरच्या घरी आनापान: पहिल्या महिन्यात काय करायचं, काय टाळायचं

डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की आपल्याकडची बहुतेक माणसं छाती फुगवून खोल श्वास घ्यायला लागतात. साहजिकच आहे. शाळेतल्या योगासनांच्या तासापासून सकाळी टीव्हीवर दिसणाऱ्या भस्त्रिका, अनुलोम-विलोमापर्यंत आपल्या कानावर जे पडलेलं असतं, ते सगळं श्वासाला वळण लावण्याबद्दलचं असतं. किती वेळ आत घ्यायचा, किती वेळ धरायचा, कोणत्या नाकपुडीने सोडायचा. तो प्राणायाम. त्याचे फायदे आहेत, पण या लेखाचा विषय वेगळा आहे.

इथे सांगतोय ते आनापान. श्वास येतोय, श्वास जातोय, एवढं जाणत राहायचं. त्यात ढवळाढवळ करायची नाही. आखूड असेल तर आखूड, लांब असेल तर लांब, डाव्या नाकपुडीतून येत असेल तर डाव्या. नवशिक्याच्या निम्म्याहून जास्त अडचणी हा एक नियम विसरल्यामुळे येतात असं माझं मत आहे, म्हणून तो पुढेही पुन्हा पुन्हा येईल.

पद्धत जुनी आहे. पाली त्रिपिटक म्हणजे बौद्धांचे जुने धर्मग्रंथ. त्यांतल्या मज्झिम निकाय या संग्रहात आनापानसती सुत्त हे बुद्धांचं प्रवचन आहे, आणि त्यातली पहिलीच सूचना अशी की साधक दीर्घ श्वास घेताना 'दीर्घ श्वास घेतोय' हे जाणतो, आखूड घेताना 'आखूड घेतोय' हे जाणतो. श्वास दीर्घ करा असं तिथे म्हटलेलं नाही. महाराष्ट्रात ही साधना घरोघरी पोचली ती मुख्यतः ध्यानगुरू सत्यनारायण गोयंका यांच्यामुळे. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल सयाजी ऊ बा खिन हे त्यांचे गुरू. गोयंका 1969 मध्ये भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रात शिबिरं सुरू झाली. आज कुणी 'आनापान' म्हणालं तर बहुधा हीच परंपरा डोळ्यांसमोर असते. मीही मुख्यतः तिचीच रीत धरून लिहितोय. जिथे दुसरीकडचं काही घेतलंय तिथे तसं सांगेन.

वेळ आणि जागा

सुरुवातीला दहा मिनिटं पुरतात. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत 'मित्र उपक्रम' या नावाने मुलांकडून आनापान करून घेतात, तेही दहाच मिनिटं. पहिल्याच दिवशी अर्धा तास बसायची हौस भागवून घेऊ नका. तिसऱ्या दिवशी बसायचाच कंटाळा येतो.

सकाळ सगळ्यात बरी. तोंड धुऊन झालेलं, पोट रिकामं, घर अजून पुरतं जागं झालेलं नाही. चहाशिवाय डोळे उघडतच नसतील तर अर्धा कप चहा घेऊन बसा, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. जेवल्यावर लगेच मात्र बसू नका, हमखास पेंग येते. संध्याकाळी कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, जेवणाआधी बसणंही अनेकांना जमतं. महत्त्वाचं म्हणजे वेळ रोज तीच ठेवा. 'सवड मिळेल तेव्हा' म्हणणाऱ्याला सवड मिळत नाही.

वेगळी खोली लागत नाही. दोन खोल्यांच्या घरात पलंगाशेजारचा कोपराही चालतो. रोज तोच कोपरा असला की काही दिवसांनी तिथे बसताच अंग आपोआप सावरून बसायला लागतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या मिनिटाला 'गॅस बंद करू का?' म्हणून हाक येईल. फोनवर हळू आवाजाचा गजर लावा, फोन बाकी सायलेंट करून हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा आणि पंखा थेट चेहऱ्यावर येणार नाही असं बसा. नाकाखालची हलकी हवा टिपायची आहे, तिच्यात पंख्याचा वारा मिसळला तर काहीच कळणार नाही.

उदबत्ती, संगीत, बासरीची धून यातलं काहीही नको. छान वाटतं हे खरं, पण मग लक्ष धुनेवर बसतं आणि श्वास राहतो बाजूला.

बैठक

यावर थोडा जास्त वेळ घालवा. अवघडून बसलेल्या माणसाला दहा मिनिटं फक्त गुडघा दिसतो.

जमिनीवर बसणार असाल तर सपाट सतरंजीवर नुसती मांडी घालू नका. चादरीची जाड घडी किंवा घट्ट उशी घेऊन तिच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पाय घडीवर नकोत, पुढे सतरंजीवर. बैठक साधारण चार बोटं उंच झाली की कंबर किंचित पुढे कलते, गुडघे खाली टेकतात आणि पाठीचा कणा फारसा जोर न लावता सरळ राहतो. गुडघे हवेत तरंगत असतील तर घडी आणखी उंच करा किंवा गुडघ्यांखाली टॉवेल सरकवा. पद्मासनाचा आग्रह नको. साधी मांडी, अर्धी मांडी, काहीही चालेल.

गुडघेदुखी असेल, वय झालं असेल किंवा मांडी घालायची सवयच राहिली नसेल तर सरळ खुर्चीवर बसा. त्यात काही कमीपणा नाही. इगतपुरीच्या ध्यानकक्षातही मागच्या बाजूला खुर्च्या असतात. सोफा नको, त्यात माणूस रुततो. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या, दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकवा, पाय पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. पाठ दुखते म्हणून टेकायचं असेल तर कमरेमागे छोटी उशी द्या आणि मान मोकळी ठेवा.

आडवं होऊन करू नका. आजारी माणसाची गोष्ट वेगळी, पण धडधाकट माणूस झोपून आनापान करायला लागला की काही वेळात घोरतो.

हात मांडीवर किंवा एकावर एक, जसे सैल राहतील तसे. चष्मा काढा. हनुवटी वर नको, छातीला टेकलेलीही नको. दात एकमेकांवर आवळलेले असतील तर जबडा सैल सोडा. हे शेवटचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. डोळे आणि तोंड अलगद मिटा. नाक चोंदल्यामुळे तोंड मिटताच येत नसेल तर त्या दिवशी तोंडाने श्वास चालू द्या आणि ओठांवर तो जिथे लागतो ती जागा धरा.

श्वास सापडायचा कुठे

बसल्यावर लगेच श्वासामागे लागू नका. आधी अर्धा मिनिट नुसतं बसा. ढुंगणाखाली घडी आहे, हात मांडीवर आहेत, बाहेर रिक्षा गेली. होऊ द्या.

मग सगळं लक्ष नाकाच्या त्रिकोणात आणा: वर नाकाचं मूळ, खाली वरच्या ओठाची रेघ. या एवढ्याशा जागेत आत-बाहेर करणारी हवा कुठे लागतेय ते शोधा. कुणाला नाकपुडीच्या आतल्या कडेवर लागते, कुणाला नाकाखाली, मिशी उगवते त्या जागी. आत येणारी थोडी गार असते, बाहेर जाणारी थोडी ऊबदार. काहीच जाणवलं नाही तर दोन-चार श्वास मुद्दाम जरा जोरात घ्या. जागा सापडली की जोर सोडून द्या आणि श्वासाला त्याच्या चालीने चालू द्या. मुद्दाम श्वास घेण्याची एवढी एकच मुभा आहे.

आता तिथेच थांबायचं. आत गेलेल्या श्वासामागे छातीत, पोटात उतरायचं नाही, बाहेर गेलेल्या हवेमागे खोलीत फिरायचं नाही. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध पंडिताने विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या पाली ग्रंथात यासाठी द्वारपालाचा दाखला दिला आहे. आजच्या भाषेत सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन म्हणा. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं हे तो पाहतो, पण प्रत्येकामागे लिफ्टने चौथ्या मजल्यावर जात नाही.

लक्ष दिल्यावर एक गोष्ट तुम्हाला बहुधा दिसेल. दोन्ही नाकपुड्यांतून श्वास सारखा येत नाही, एकीतून जास्त, दुसरीतून कमी. सर्दी झालेली नसते. नाकाच्या आतलं अस्तर दोन्ही बाजूंना आलटून पालटून फुगतं आणि ओसरतं, त्यामुळे काही तासांनी पाळी बदलते. श्वासाची लांबीही एकसारखी नसते. निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो, पण मध्येच एखादा लांब उसासा येतो, मध्येच क्षणभर काहीच होत नाही. हे सगळं फक्त टिपायचं. 'आत्ता उजवी', 'हा आखूड होता', एवढंच. तेही मनात शब्द न जुळवता कळलं तर उत्तम.

मोजावं का? गोयंकांच्या परंपरेत मोजत नाहीत, श्वासाला नामजपही जोडत नाहीत. शब्द जोडला तर मन लवकर स्थिर होईल, पण ते शब्दावर स्थिर होईल, असं त्यामागचं कारण. विसुद्धिमग्गात मात्र नवशिक्याला मोजायची सोय आहे: पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये, मग पुन्हा एकपासून. माझा सल्ला असा: पहिल्या आठवड्यात मन फारच उधळत असेल तर श्वास बाहेर जाताना एक, पुढच्याला दोन, असं दहापर्यंत मोजा. दुसऱ्या आठवड्यापासून सोडा. ब्रह्मदेशातलेच ध्यानगुरू महासी सयाडॉ यांच्या रीतीत नाकाऐवजी पोटाचा चढ-उतार पाहतात. तीही उत्तम पद्धत आहे, पण सकाळी पोट आणि संध्याकाळी नाक असं करू नका. एक धरा आणि महिनाभर सोडू नका.

मन पळालं की

ते पळणारच. पाच-सहा श्वास जातात आणि कळतं की आपण ऑफिसातल्या कुणाला तरी मनातल्या मनात चोख उत्तर देतोय. किंवा गॅलरीतल्या कुंडीला पाणी घालायचं राहिलंय. किंवा गाडीचा हप्ता. हा पळ कधी निघाला ते कळत नाही, तो लक्षात आल्याचा क्षण मात्र लख्ख कळतो. साधना त्या क्षणापाशी आहे.

तिथे काय करायचं हे नीट समजून घ्या, कारण पुढचे कित्येक महिने हेच करायचं आहे. लक्षात आलं, की विचार अर्ध्यावर टाकून द्यायचा. तो पूर्ण करायचा नाही, त्याचा सोक्षमोक्ष लावायचा नाही. कुठून सुरू होऊन कुठे पोचलो याचा माग काढायचा नाही, तोही एक विचारच असतो आणि फार चवीचा असतो. स्वतःवर चिडायचं नाही. पुढचा जो श्वास येईल, त्याच्यापासून पुन्हा सुरुवात. हुकलेल्या श्वासांचा हिशेब नको.

दहा मिनिटांत असं चाळीस वेळा झालं तर 'आपल्याला जमत नाही' असं वाटतं. उलटं आहे. चाळीस वेळा पळाल्याचं कळलं, चाळीस वेळा परत आलात. ज्याला दहा मिनिटांत एकदाही कळलं नाही त्याची बैठक वाया गेली, मग तो बाहेरून कितीही शांत दिसो.

आवाजांचंही असंच. कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा मिक्सर, खालून भंगारवाल्याची आरोळी. आवाज कानावर पडला तर पडू द्या, बिघडतं ते त्याच्यावर टिप्पणी सुरू झाली की. तीन शिट्ट्या झाल्या, अजून कुणी गॅस बंद का करत नाही, इथून माणूस वाहवत जातो.

हमखास येणाऱ्या अडचणी

*श्वास मुद्दाम घेतल्यासारखा होतो.* लक्ष गेलं की श्वास जड होतो, छाती भरून येते, कधी गुदमरल्यासारखं वाटतं. जवळजवळ सगळ्यांना होतं. उपाय: बाहेर जाणारा श्वास जाऊ द्या आणि पुढचा घेऊ नका. त्याची फक्त वाट पाहा. शरीर तो आपला आपण घेतं. तीन-चार वेळा असं केलं की सूत्रं पुन्हा शरीराच्या हाती जातात. तरीही नाही झालं तर एक मिनिट डोळे उघडून खिडकीबाहेर बघा आणि मग पुन्हा बसा. बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या येऊन डोकं हलकं झालं तर तुम्ही नकळत भराभर श्वास घेताय. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याने तसं होतं. ती काही साधनेची पायरी नाही. थांबा, नेहमीचा श्वास परतू द्या.

*श्वास सापडतच नाही.* काही दिवसांनी मन निवलं की श्वास इतका बारीक होतो की थांबलाय की काय असं वाटतं. थांबलेला नाही. त्याच जागेवर लक्ष ठेवून बसा. सापडेल. घाबरून जोरात ओढू नका, लागलेली घडी मोडते.

*पेंग.* हा जुना शत्रू. बुद्धांचा पट्टशिष्य मोग्गल्लानही ध्यानाला बसून पेंगत होता, तेव्हा बुद्धांनी त्याला सांगितलेले उपाय त्रिपिटकातल्याच अंगुत्तर निकायात आहेत, आणि ते मोठे व्यवहारी आहेत: कानांच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार, दिशांकडे बघ, वर तारे बघ, प्रकाशाची कल्पना कर, येरझाऱ्या घाल. आणि एवढं करूनही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर सरळ झोप. हा शेवटचा उपाय मला फार आवडतो. रात्री बारापर्यंत फोन बघून पहाटे पाचला ध्यानाला बसणाऱ्याने पेंगेचा दोष ध्यानाला देऊ नये, लवकर झोपावं.

*पायाला मुंग्या, खाज, दुखणं.* मांडीत शीर दबून पाय बधिर होतो. आधी थोडा वेळ सोसून पाहा, अनेकदा दुखणं वाढतं आणि ओसरतं. असह्य झालं तर हळूच पाय बदला आणि पुन्हा बसा. गुडघ्यात कळ किंवा टोचल्यासारखं होत असेल तर सोसू नका, खुर्ची घ्या. बधिर पायावर एकदम उभे राहू नका, माणसं पडतात. आधी पाय पसरा, चोळा, मग उठा.

*रंग, प्रकाश, तरंगल्यासारखं वाटणं.* कुणाला दिसतात, कुणाला नाहीत. दिसले तर कौतुक नको, नाही दिसले तर खंत नको. नाकाखाली परत या. कुंडलिनी जागी झाल्याच्या बातम्या नातेवाईकांत पसरवू नका.

महिन्याचं वेळापत्रक

पहिला आठवडा सकाळी दहा मिनिटं, बस. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळीही दहा मिनिटं बसा. तिसऱ्या आठवड्यात सकाळची बैठक पंधरावर न्या. हा आठवडा बहुतेकांना जड जातो: नवलाई संपलेली असते आणि फरक काही दिसत नाही. याच आठवड्यात 'आज राहू दे' सुरू होतं. अशा दिवशी पाच मिनिटं बसा, पण बसा. चौथ्या आठवड्यात जमलं तर सकाळी वीस. त्यापुढे वाढवायचं की नाही ते तुमचं तुम्हाला कळेल.

बैठक संपली की गजर बंद करायला झेपावू नका. डोळे मिटलेलेच ठेवून दोन-चार श्वास बसा, मग उठा. आज कसं झालं याला गुण देत बसू नका. चांगल्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी मन वावटळीसारखं असतं आणि त्याला कारणही लागत नाही.

बैठकीबाहेरही थोडं करता येतं. लोकलची वाट पाहताना, बँकेच्या रांगेत, परीक्षेची प्रश्नपत्रिका हातात पडण्याआधी, डोळे उघडे ठेवून चार-पाच श्वास नाकाखाली पाहायचे. कुणाला कळतही नाही. रागात उत्तर टाइप करताना हे आठवलं तर सोन्याहून पिवळं. गाडी चालवताना मात्र लक्ष रस्त्यावर ठेवा.

मुलांना शिकवायचं असेल तर पाच-सात मिनिटं पुरे, आणि स्वतः शेजारी बसा. 'तू ध्यान कर' म्हणून आई-बाबा फोन बघत बसले तर मूल काय शिकतं ते सांगायला नको.

कुणी जपून

नैराश्य, तीव्र भीतीचे झटके, भास होणं, किंवा एखादा जबर धक्का यातून जात असाल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि ध्यान सुरू केलं म्हणून औषधं बंद करू नका. काहींना श्वासाकडे पाहिलं की धीर येण्याऐवजी धडधड वाढते. त्यांनी नाक सोडून तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श धरावा, डोळे अर्धे उघडे ठेवावेत आणि दोन-तीन मिनिटांवर थांबावं. दम्याच्या रुग्णांनी धाप लागलेली असताना बसू नये, आधी पंप. बसल्यावर कधी रडू येतं. थोडं आलं तर येऊ द्या. रोज येऊन दिवसभर मन खचत असेल तर बैठक थांबवा आणि कुणाशी तरी बोला.

शिबिराचा विचार

दोन-तीन महिने रोजची बैठक टिकली की गोयंकांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या निवासी शिबिराचा विचार करायला हरकत नाही. त्याआधी गेलात तरी घेतात, पण पहाटे चारला उठून दिवसाचे सुमारे दहा तास बसायचं असतं, आणि त्यातले पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान चालतं. पुढे विपश्यना, म्हणजे सगळ्या अंगावरच्या संवेदना समतेने पाहत राहणं. फोन जमा करतात, वाचन-लेखन बंद, दहाव्या दिवशी सकाळपर्यंत आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणं नाही, खुणाही नाहीत. दुपारचं जेवण अकराला, संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि थोडं फळ, चुरमुरे असं काहीतरी. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. आलेला दिवस आणि अकराव्या दिवसाची सकाळ धरून बारा दिवसांची रजा लागते, हे अर्ज भरण्याआधी कामाच्या ठिकाणी सांगून ठेवा. आजार असेल किंवा औषधं चालू असतील तर अर्जात लपवू नका. सैल कपडे, शाल, टॉर्च आणि गजराचं साधं घड्याळ सोबत घ्या. पावसाळ्यात इगतपुरीला जाणार असाल तर छत्री आणि कपड्यांचे दोन जादा जोड न्या, तिथे धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत.